आकाशाचा चार्ज कोण घेणार?

संयुक्त राष्ट्र पर्यावरण सभेतील सर्व सदस्य देशांच्या प्रतिनिधींना खुले पत्र

माननीय प्रतिनिधी,

सादर नमस्कार.

मी औष्णिक वीज केंद्रात 34 वर्षं नोकरी केली. सुरुवात बॉयलरच्या मजल्यांवर राउंड मारण्यापासून झाली आणि शेवटची 12 वर्षं मी शिफ्ट इन-चार्ज होतो. हवामानशास्त्राचा माझा अभ्यास वाचनापुरताच आहे. पण मध्येच थांबवता न येणारं यंत्र रात्रंदिवस चालवणं म्हणजे काय, हे काम मी आयुष्यभर केलं आहे. सूर्यप्रकाश परतवून पृथ्वी थंड करण्याचा विषय 2019 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये नैरोबीला आपल्या सभेपुढे आला. दोन्ही वेळा एकमत झालं नाही आणि ठराव मागे घ्यावा लागला. मला हा विषय अशाच एका यंत्राचा वाटतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. संशोधन थांबवू नका. पण हे यंत्र कोण चालवणार, एका हातातून दुसऱ्या हातात ते कसं जाणार आणि बंद करायचा अधिकार कोणाचा, हे लिहून त्याखाली सह्या झाल्याखेरीज ते कोणालाही सुरू करू देऊ नका. यंत्र उभं राहिल्यावर या गोष्टी ठरत नसतात. तेव्हा ज्याचा हात स्विचवर असतो तोच ठरवतो.

शिफ्ट बदलताना आमच्याकडे चार्ज दिला-घेतला जातो. जाणारा येणाऱ्याला घेऊन पॅनेलसमोर उभा राहतो. कोणता पंप स्टँडबायला आहे, कोणता व्हॉल्व्ह हाताने सांभाळावा लागतोय, कुठे गळती आहे, कोणतं परमिट अजून उघडं आहे, एकेक सांगतो. मग लॉगबुकात दोघांच्या सह्या होतात. येणारा उशिरा आला तरी सही होईपर्यंत जाणाऱ्याने जागा सोडायची नसते.

एका रात्री आयडी फॅनचं, म्हणजे भट्टीतला धूर ओढून चिमणीत सोडणाऱ्या पंख्याचं, बेअरिंग तापायला लागलं. 60 वरून तापमान 78 अंशांवर गेलं. पंखा बंद करायचा तर युनिटचा लोड उतरवावा लागणार होता, आणि लोड धरून ठेवा असा वरून निरोप होता. आम्ही कॉम्प्रेस्ड हवेचा होज ओढत आणला आणि बेअरिंगच्या हाउसिंगवर हवा मारत ठेवली. वीस मिनिटांत काटा 66 वर आला. सगळ्यांच्या जिवात जीव आला. खरं दुखणं तेलाच्या लाइनीत साचलेल्या गाळाचं होतं. तो काढायचं काम सकाळवर गेलं आणि सकाळी तापमान ठीक दिसतंय म्हणून दुपारवर गेलं. होजचं पुढच्या शिफ्टला तोंडी सांगितलं होतं, लॉगबुकात लिहिलं नव्हतं. तिसऱ्या शिफ्टच्या एका हेल्परला दुसऱ्या कामासाठी होज लागला आणि त्याने तो काढून नेला. त्याची काही चूक नव्हती, त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. पाऊण तासात पंखा ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, त्याच्यापाठोपाठ युनिट गेलं. बेअरिंग उघडलं तेव्हा आतला व्हाइट मेटल, म्हणजे बेअरिंगचं मऊ धातूचं अस्तर, वितळून ओघळलेला होता. पुढचे 11 दिवस युनिट अर्ध्या लोडवर चाललं. होज लावायला सांगणारा मी होतो आणि नोंद न करणाराही मीच.

होज लावला हे चुकलं असं मला आजही वाटत नाही. त्या रात्री तेच योग्य होतं. पण होजमुळे तीन गोष्टी झाल्या. तापमान उतरलं, म्हणून गाळ काढायची घाई कोणाला उरली नाही. आतलं बेअरिंग मात्र झिजतच राहिलं. आणि त्या क्षणापासून सगळं युनिट त्या एका होजवर तोलून राहिलं. स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात, कण सोडून पृथ्वीवर सावली धरायच्या योजनेबद्दल मी पहिल्यांदा नीट वाचलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो होज उभा राहिला.

मूळ कल्पना साधी आहे. पृथ्वीवर येणाऱ्या सूर्यप्रकाशातला सुमारे 30 टक्के भाग ढग, बर्फ आणि वाळवंटांवरून आजही परत जातो. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर जी उष्णता अडकेल, तिच्या भरपाईला येणाऱ्या प्रकाशात दोनेक टक्क्यांची घट पुरेशी आहे. अशी सावली काही काळ कशी पडते, ते निसर्गाने आपल्या देखत दाखवलं आहे. 15 जून 1991 रोजी फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला. दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड त्याने थेट स्ट्रॅटोस्फिअरमध्ये फेकला. काही आठवड्यांत त्या वायूचे सल्फ्युरिक आम्लाचे थेंब झाले, एका मायक्रॉनच्याही आतले. केसाच्या जाडीएवढ्या जागेत असे शंभरेक थेंब ओळीने बसतील. असा थेंब वाटेत आला की किरण विखुरतो. त्याचा थोडा भाग अवकाशात परत जातो आणि बाकीचा चहूकडे पसरून खाली येतो. म्हणून भर दुपारचं आकाश निळं न दिसता दुधाळ दिसतं आणि मावळतीची लाली बराच वेळ रेंगाळते. 1992 मध्ये जगाचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं. दोनेक वर्षांत थेंब खाली आले, आकाश निवळलं आणि तापमान पुन्हा आपल्या वाटेने चढू लागलं.

त्याच काळातली आणखी एक नोंद आहे, ती फारशी सांगितली जात नाही. ऑक्टोबर 1991 ते सप्टेंबर 1992 या काळात जगभरच्या जमिनीवरचा पाऊस घटला आणि नद्यांनी समुद्रात नेलेल्या पाण्यातही विक्रमी घट झाली. ऊन कमी झालं की पाण्याची वाफ कमी होते, आणि पाऊस त्या वाफेचाच असतो. तापमान खाली आणणारा हात पावसालाही लागतो.

दुसरा मार्ग समुद्रावरचे ढग उजळण्याचा. काचेचा तुकडा आरपार दिसतो, पण तीच काच कुटून पूड केली की पांढरी होते, कारण प्रकाश परतवणारे पृष्ठभाग लाखो पटींनी वाढतात. ढगाचंही तसंच आहे. समुद्राचं पाणी बारीक छिद्रांतून जोराने फवारलं की मिठाचे अतिसूक्ष्म कण वर जातात, त्यांच्याभोवती थेंब धरतात, आणि तेवढ्याच पाण्याचे जास्त आणि लहान थेंब झाले की ढग अधिक पांढरा होतो. जॉन लॅथम या शास्त्रज्ञाने 1990 मध्ये ही कल्पना मांडली. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरिअर रीफवरच्या प्रवाळांना उष्णतेच्या लाटेत सावली द्यावी म्हणून 2020 पासून तिच्या चाचण्या चालू आहेत. अवकाशात आरसे लावायचीही योजना मांडली गेली आहे, पण ती इतक्या दूरची आहे की आज तिच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

पत्रात पुढे मी पहिल्या मार्गाबद्दलच बोलणार आहे. साऱ्या पृथ्वीचं यंत्र होण्याच्या सगळ्यात जवळ तोच आहे.

स्ट्रॅटोस्फिअरमधले थेंब वर्ष-दोन वर्षांत खाली येतात, म्हणजे दर वर्षी नवे पोहोचवत राहावं लागणार. संगणकावरच्या हवामान मॉडेलांच्या अंदाजाने एक अंशाचा थंडावा टिकवायला साधारण एक कोटी टन सल्फर डायऑक्साइड दर वर्षी 20 किलोमीटरच्या आसपास न्यावा लागेल. प्रवासी विमानं 10 ते 12 किलोमीटरवर उडतात. एवढा माल तितक्या उंचीवर वाहणारा विमानांचा ताफा आज कोणाकडे नाही, पण तो बांधणं अशक्यही नाही. ज्याच्यावर उतारा म्हणून ही सावली धरायची तो कार्बन डायऑक्साइड मात्र शतकानुशतकं हवेत राहतो, त्यातला काही भाग तर हजारो वर्षं. हवेतून तो परत ओढून घेण्याचं काम फार मोठ्या प्रमाणावर झालं नाही, तर सावलीचं काम काही पिढ्यांत संपणारं नाही.

मी सवयीने शिफ्टमध्ये हिशेब केला. 150 वर्षं सावली धरायची तर आठ-आठ तासांच्या 1,64,250 शिफ्ट होतात, आणि तितक्याच वेळा चार्ज द्यायचा-घ्यायचा. गेल्या 150 वर्षांत जगात दोन महायुद्धं झाली, साम्राज्यं मोडली, नकाशे पुन्हा पुन्हा काढावे लागले. पिनाटुबो फुटला त्या वर्षाअखेर सोव्हिएत संघ उरला नव्हता, त्याचे 15 देश झाले होते. त्या राष्ट्राच्या विमानांनी जगाची सावली सांभाळली असती, तर डिसेंबर 1991 मध्ये चार्ज कोणी घेतला असता? मी हा प्रश्न वाद घालण्यासाठी विचारत नाही. मला त्याचं उत्तर हवं आहे, आणि आतापर्यंत वाचलेल्या कोणत्याही अहवालात ते मला सापडलेलं नाही.

कारण सावली अचानक गेली तर दाबून ठेवलेली सगळी उष्णता दहा-वीस वर्षांत बाहेर येते. आज पृथ्वी दर दशकात 0.2 अंशाहून थोड्या अधिक वेगाने तापते आहे, आणि याच वेगाशी जुळवून घेताना जंगलं आणि प्रवाळ मागे पडत आहेत. दशकभरात अर्धा अंश किंवा त्याहून जास्त वाढ झाली तर काय होईल, ते सांगायला माझ्यासारख्याची गरज नाही. हेल्परने होज काढून नेला, त्याची ही जागतिक आवृत्ती आहे. तो होज काढणारा कोणी दुष्ट असायला हवा असंही नाही. युद्ध, दिवाळं, साथ, सत्ताबदल, काहीही पुरेसं आहे.

आणि आतलं बेअरिंग? जगात कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला सुमारे 37 अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातला सुमारे पाव भाग समुद्र शोषून घेतो. उद्योगयुगाच्या सुरुवातीपासून समुद्राच्या पृष्ठभागाची आम्लता सुमारे 30 टक्क्यांनी वाढली आहे. शिंपल्यांना आणि प्रवाळांना कवच बांधणं त्यामुळे जड जातं. वरून कितीही सावली धरली तरी त्या आम्लाला काही फरक पडत नाही. काटा 66 वर दिसत राहील आणि गाळ तिथेच असेल. 1965 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांना शास्त्रज्ञांच्या समितीने कार्बन डायऑक्साइडच्या वाढीबद्दल अहवाल दिला. त्यात उपाय सुचवला होता तो समुद्रावर प्रकाश परतवणारे कण पसरण्याचा. इंधन कमी जाळा, असं त्या उपायात कुठे नव्हतं. मी ते वाचलं तेव्हा फार अस्वस्थ झालो. मी नोकरीला लागलो त्याच्या कितीतरी आधी धोका कागदावर मांडलेला होता आणि तेव्हाही हात आधी होजकडे गेला होता.

इथे मला माझाही हिशेब मांडायला हवा. आमचं एक युनिट एका शिफ्टमध्ये हजार टनांहून अधिक कोळसा खात असे. ती 34 वर्षं चिमणीतून वर गेली आहेत आणि त्यातला मोठा भाग मी गेल्यावरही हवेत असणार आहे. त्याच चिमणीतून सल्फर डायऑक्साइडही जायचा. तो खालच्या हवेत आठवडाभरही टिकत नाही, पण तेवढ्यात तोही धुकट कण बनवून ऊन अडवतो. जगभरच्या चिमण्यांतून आणि जहाजांतून निघालेल्या अशा कणांनी आजवरच्या तापमानवाढीचा काही भाग झाकून ठेवला आहे. तो शून्यापासून 0.8 अंशापर्यंत कुठेही असू शकतो, असं आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या शास्त्रीय समितीचा, सहावा अहवाल सांगतो. हेच कण माणसांच्या फुप्फुसात जाऊन जीव घेतात, म्हणून ते कमी करणं भागच आहे. 1 जानेवारी 2020 पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा 3.5 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यांवर आणली गेली, आणि भर समुद्रात जहाजांमागे उमटणाऱ्या पांढऱ्या ढगांच्या रेघा उपग्रहांच्या चित्रांत कमी झाल्या. म्हणजे कोणालाही न विचारता, लॉगबुक न ठेवता, एक सावली आपण शतकभर धरली होती आणि आता ती काढतो आहोत. झाकलेली उष्णता किती, याचा पल्ला शून्य ते 0.8 इतका रुंद असणं हे मला सगळ्यात काळजीचं वाटतं. एवढ्या ढोबळ गेजवर मी कोणतंही यंत्र चालवायला घेतलं नसतं.

संशोधन थांबवू नका असं मी म्हणतो ते याच कारणासाठी. पॉल क्रुट्झन यांना ओझोनच्या रसायनशास्त्रासाठी 1995 चं नोबेल मिळालं होतं. गंधकाच्या कणांनी ओझोनच्या थराला इजा होऊ शकते, हे त्यांच्याहून चांगलं कोणाला ठाऊक असणार? तरीही 2006 मध्ये त्यांनीच लिहिलं की उत्सर्जन कमी करण्याचे प्रयत्न अपुरे पडत आहेत, तेव्हा या मार्गाचा अभ्यास व्हायला हवा. उष्णतेच्या लाटेत ज्यांची माणसं गेली, ज्यांची बेटं पाण्याखाली जाणार आहेत, त्यांना ‘या वाटेकडे बघूच नका’ असं सांगण्याचा अधिकार मला तरी नाही. आफ्रिकेतल्या, आशियातल्या, बेटांवरच्या शास्त्रज्ञांनी आपापल्या पावसावर काय परिणाम होईल ते स्वतः मोजलं पाहिजे, दुसऱ्यांनी मोजून सांगण्याची वाट पाहू नये.

पण मोजल्यावर जे दिसतं त्याने तर चार्जचा प्रश्न आणखी अवघड होतो. 1912 मध्ये अलास्कात काटमाईच्या परिसरात मोठा उद्रेक झाला, 1982 मध्ये मेक्सिकोत एल चिचोन फुटला. दोन्ही उत्तर गोलार्धातले. दोन्हींच्या पुढच्या वर्षी आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला असलेल्या साहेल पट्ट्यात भीषण दुष्काळाचा हंगाम आला. ब्रिटनच्या हवामान विभागातल्या शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये हे मॉडेलवर ताडून पाहिलं. कण फक्त उत्तर गोलार्धात सोडले तर पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकतो आणि साहेल कोरडा पडतो. दक्षिणेत सोडले तर साहेलला पाऊस वाढतो. नंतरच्या अभ्यासात आणखी एक दिसलं. उत्तरेत कण सोडले की उत्तर अटलांटिकमधली चक्रीवादळं कमी होतात, दक्षिणेत सोडले की वाढतात. आता समजा, वादळांनी पोळलेल्या एखाद्या श्रीमंत किनाऱ्याच्या हातात व्हॉल्व्ह आहे. तो कुठे फिरवला जाईल? आणि साहेलमधल्या माणसाने तक्रार कुठे करायची? तो दुष्काळ सावलीमुळे आला की एरवीही आला असता, हे तो सिद्ध कसं करणार? दोन्ही गोलार्धांत समतोल राखून कण सोडता येतात, मॉडेलमध्ये ते बरं चालतंही. पण समतोल राखायचा म्हणजे कोणीतरी रोज व्हॉल्व्हपाशी बसायचं, आणि त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास हवा.

त्यात हे यंत्र स्वस्त आहे. वेक स्मिथ आणि गेर्नॉट वॅग्नर या संशोधकांनी 2018 मध्ये हिशेब मांडला, तो पहिल्या 15 वर्षांसाठी वर्षाला सुमारे सव्वादोन अब्ज डॉलरचा. देशांच्या हिशेबात ही रक्कम किरकोळ आहे, काही व्यक्तींच्यासुद्धा आवाक्यातली आहे. महाग वस्तूला राखणदार लागत नाही, तिची किंमतच राखण करते. स्वस्त वस्तूला मात्र कुंपण लागतं, आणि इथे ते अजून घातलेलं नाही.

असं कुंपण नसताना काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. 2022 मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीने मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात सल्फर डायऑक्साइड भरलेले फुगे सोडले. परवानगी नाही, सूचना नाही. वर ‘थंडाव्याची क्रेडिट’, म्हणजे पैसे भरणाऱ्याच्या नावावर इतका थंडावा जमा अशी प्रमाणपत्रं, विकायला काढली. जानेवारी 2023 मध्ये मेक्सिकोने असे प्रयोग बंद करणार असल्याचं जाहीर केलं. त्याआधी 2021 मध्ये स्वीडनमध्ये किरुनाजवळून हार्वर्डच्या संशोधकांना एक फुगा उडवायचा होता. त्यातून एकही कण सुटणार नव्हता, नुसती उपकरणांची तपासणी होती. पण तिथल्या मूळ रहिवासी सामी लोकांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांच्या परिषदेने हरकत घेतली, उड्डाण रद्द झालं आणि 2024 मध्ये प्रकल्पच गुंडाळला गेला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात अलामेडा इथे जुन्या विमानवाहू जहाजाच्या डेकवरून मिठाच्या पाण्याचा फवारा उडवून त्याचे कण मोजण्याचा प्रयोग सुरू झाला. शहराच्या तज्ज्ञांनी तपासून सांगितलं की यात आरोग्याला मोजता येण्याजोगा धोका नाही. तरीही नगर परिषदेने तो बंद पाडला.

किरुनाची आणि अलामेडाची गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली. दोन्ही प्रयोग निरुपद्रवी होते आणि दोन्ही प्रामाणिक माणसांचे होते, असं माझं मत आहे. अडलं ते आधी न विचारण्यावर. आमच्याकडे हेल्पर एखाद्या पंपावर चढण्याआधी परमिट निघतं, त्यावर ज्यांचा ज्यांचा संबंध येतो त्यांच्या सह्या असतात, आणि ज्याने स्विचला टॅग लावला त्यानेच तो काढायचा असतो. परमिटला दहा मिनिटं लागतात. ती वाचवायला गेलं की पुढे महिने जातात, आणि कधी कधी माणूस जातो.

दरम्यान पैसा थांबलेला नाही. ब्रिटनच्या एका सरकारी संशोधन संस्थेने 2025 मध्ये या विषयासाठी सुमारे 5 कोटी 70 लाख पौंड मंजूर केले, त्यात बाहेरच्या हवेतले छोटे प्रयोगही आहेत. सार्वजनिक पैसा आहे, अटी जाहीर आहेत, हे चांगलंच आहे. पण त्याच वर्षी एका खासगी कंपनीने सूर्यप्रकाश परतवणारे स्वतःचे कण विकसित करण्यासाठी गुंतवणूकदारांकडून 6 कोटी डॉलर उभे केले. ज्याने पैसा घातला त्याला परतावा हवा असतो, यात गैर काही नाही. पण ज्या यंत्राचा परतावा ते सुरू राहण्यावर अवलंबून आहे, त्याचा ‘बंद करा’ हा सल्ला त्याच्या मालकाकडून येईल अशी आशा धरू नये.

कायदा काय म्हणतो? 1978 पासून अमलात असलेला करार हवामानात शत्रुत्वाने ढवळाढवळ करायला बंदी घालतो, चांगल्या हेतूने केलेली त्यात बसत नाही. 2010 मध्ये नागोयाला जैवविविधता कराराच्या सदस्यांनी असे प्रकल्प नकोत असा निर्णय घेतला, पण तो बंधनकारक नाही आणि अमेरिका त्या कराराची सदस्यच नाही. 2023 मध्ये आफ्रिकेच्या पर्यावरणमंत्र्यांनी हे तंत्र न वापरण्याचा आंतरराष्ट्रीय करार व्हावा अशी मागणी केली. ती मागणी मी पूर्ण गंभीरपणे घेतो. ज्यांच्या पावसाचा पट्टा सरकणार आहे, ते बोलत आहेत.

म्हणून आपल्याकडे माझी मागणी अशी आहे.

बाहेरच्या हवेतला प्रत्येक प्रयोग, कितीही लहान असो, आपल्या नोंदवहीत आधी चढला पाहिजे. कोण, कुठे, किती, कोणाला विचारलं, पैसा कोणाचा आणि शेवटी काय दिसलं, सगळं. फसलेल्या प्रयोगांची नोंद तर आवर्जून हवी. ही वही जगातल्या कोणालाही उघडून वाचता आली पाहिजे. थंडाव्याची क्रेडिट विकण्यावर सरसकट बंदी हवी, आजच. संशोधनाचा पैसा सार्वजनिक असावा आणि त्याचा मोठा वाटा अशा देशांच्या शास्त्रज्ञांकडे जावा ज्यांनी हे संकट ओढवलं नाही. प्रत्यक्ष वापराला मात्र बंदी असावी, आणि ती उठवायची झालीच तर कोणत्या सह्या लागतील ते आत्ताच ठरावं. साहेलमधल्या देशांची सही त्यात नसेल तर त्या कागदाला मी परमिट म्हणणार नाही.

सगळ्यात अवघड भाग थांबण्याचा आहे. कण सोडणं हळूहळू कसं उतरवत न्यायचं, त्याचा आराखडा सुरू करण्याच्या आराखड्याच्या आधी लिहिला गेला पाहिजे. बॉयलर पेटवायची पद्धत शिकवण्याआधी आम्हाला तो सुखरूप विझवायची पद्धत पाठ करायला लावली जायची. आणि त्या उतरवण्याच्या आराखड्यात वर्षागणिक उत्सर्जन कमी करण्याचा आकडा हवा, कारण उत्सर्जन चालू असेल तर उतरवणं कधी येणारच नाही. गाळ काढायची तारीख लिहिली नसेल तर होजला हात लावू द्यायचा नाही.

हे जमणार नाही असं आपल्याला कोणी सांगेल. 1987 मध्ये मॉन्ट्रिअलला ओझोनच्या थराबद्दल करार झाला, आज त्याचे 198 सदस्य आहेत आणि जगातलं एकही राष्ट्र त्याच्या बाहेर नाही. त्याचे शास्त्रीय मंडळ दर चार वर्षांनी थराची स्थिती तपासून अहवाल देतं. थर भरून येतो आहे. म्हणजे सगळ्या देशांनी मिळून आकाशाच्या एका भागाचा चार्ज घेतल्याचं उदाहरण आहे, तेही त्याच स्ट्रॅटोस्फिअरचं जिथे हे कण सोडायची चर्चा चालली आहे. त्या करारासाठी आपल्याच देशांनी वाटाघाटी केल्या होत्या.

दोन ठराव मागे घेतले गेले, याचा मी दोष देत नाही. मतभेद खरे होते. कोणाला अभ्यासगट म्हणजे वापराची पहिली पायरी वाटली, कोणाला बंदी म्हणजे ज्ञानावर घाला वाटला. पुढच्या वेळी विषय पटलावर आला आणि पुन्हा एकमत झालं नाही, तर निदान एक करा. ठराव मागे घेण्याआधी कोणत्या वाक्यावर अडलं, कोणी कोणती शंका काढली आणि कोणता प्रश्न उत्तराविना राहिला, ते लिहून जाहीर करा. जो पुढे येईल त्याला तिथून हातात घेता येईल.

आपला,
निवृत्त शिफ्ट इन-चार्ज, औष्णिक वीज केंद्र